जुना सैनिकी टोप आधी उलटा करून बघा: पारख, खरेदी आणि जपणूक

जुन्या बाजारात लोखंडी टोप हाती आला की बहुतेक जण तो आधी डोक्यावर घालून बघतात. तसं करू नका. टोप दोन्ही हातांनी धरा, उलटा करा आणि उजेडाकडे नेऊन आत बघा. वरचा रंग कुणीही कधीही फासू शकतो. आतलं अस्तर, चामड्याची पट्टी, कडेवरचे ठसे, घामाचे डाग, शाईने लिहिलेलं नाव किंवा नंबर हे सगळं मात्र जिथल्या तिथे असतं, आणि तिथे खोटं बोलणं अवघड जातं.

हा लेख महाराष्ट्रात सहज समोर येणाऱ्या तीन प्रकारांपुरता आहे: महायुद्धांतला पसरट लोखंडी टोप, साहेबी सोला हॅट, आणि धातूचं देशी शिरस्त्राण. सर्वांत जास्त जागा पहिल्या प्रकाराला दिली आहे. नव्या संग्राहकाने तिथून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्याच्यावर वर्ष आणि कारखान्याचा ठसा असतो आणि शिकणं सोपं जातं.

आधी डोळा तयार करा

पहिले दोन महिने काहीही विकत घेऊ नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापुरात न्यू पॅलेसमधलं संग्रहालय, अहिल्यानगरला रणगाडा संग्रहालय, आणि लांब जाणं जमलं तर हैदराबादचं सालारजंग, एवढी ठिकाणं बघून या. काचेआडचा टोप उलटा करता येत नाही हे खरं. पण धातूचा खरा जुनेपणा कसा दिसतो, कड कशी झिजते, जाळी कशी लोंबते, हे डोळ्यांत बसतं. मग मुंबईचा चोर बाजार किंवा बुधवार-रविवारचा पुण्याचा जुना बाजार फिरा. हातात घ्या, उलटा करा, परत ठेवा. दुकानदाराला सरळ सांगा की आज फक्त बघायला आलोय. बरेच जण आनंदाने दाखवतात.

खिशात चार वस्तू असू द्या: छोटं लोहचुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च आणि शिवणकामाची मोजपट्टी. घरी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

लोखंडी टोप: पायरीपायरीने तपासणी

उथळ परात उपडी ठेवावी तसा दिसणारा हा ब्रिटिश टोप. जॉन लिओपोल्ड ब्रॉडी यांनी १९१५ साली लंडनमध्ये त्याचं पेटंट घेतलं. खंदकात बसलेल्या सैनिकाला खरा धोका वरून कोसळणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांचा होता, म्हणून टोपाची कड रुंद ठेवली. पहिल्या महायुद्धातला नमुना मार्क एक. १९३० नंतरच्या दशकात आतली रचना बदलून मार्क दोन आला आणि दुसऱ्या महायुद्धात तोच सगळीकडे वापरला गेला. त्या काळात तो भारतातही तयार होत होता.

इथल्या घरांच्या माळ्यांवर असे टोप सापडतात त्याला कारण आहे. मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या, दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत केरेनला आणि मग इटलीत लढल्या. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात गाजवलेल्या शौर्याबद्दल, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईतल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. घाडगे त्या लढाईतच गेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात तर पिढ्यान्पिढ्या घराघरांतून माणसं फौजेत गेली. म्हणून कोकणात किंवा देशावर कुणाच्या पोटमाळ्यावर टोप दिसला तर त्याच्याकडे भंगार म्हणून बघू नका.

आता तपासणी. सुरुवात चुंबकाने करा. ब्रिटिश लढाऊ टोप हॅडफील्डच्या मँगनीज पोलादाचा असे. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी शेफील्डमध्ये १८८२ च्या सुमारास हे पोलाद शोधलं. त्यात सुमारे १२ टक्के मँगनीज असतं आणि त्याला चुंबक धरत नाही. चुंबक टोपाच्या माथ्यावर ठेवा. घसरून पडला तर चांगली खूण. मार्क एकच्या कडेवर दुमडून बसवलेली पट्टी साध्या पोलादाची असते, तिथे चुंबक चिकटतो. मार्क दोनची पट्टी स्टेनलेस असते, तिथे तो सहसा चिकटत नाही.

चुंबक माथ्यालाच घट्ट धरला तर टोप खोटा असं लगेच ठरवू नका. नागरी संरक्षणासाठी साध्या पोलादाचे टोप बनत आणि कमी प्रतीचे ओळखू यावेत म्हणून त्यांच्या कडेला छोटी भोकं पाडत. शिवाय आगीच्या पहाऱ्यावरच्या लोकांसाठी उंच माथ्याचा, टोपलीसारखा दिसणारा वेगळा नागरी टोप होता. विक्रेता त्यालाही खुशाल ‘मिलिटरी’ म्हणतो. मुंबईतही युद्धकाळात हवाई हल्ल्यांपासून बचावाची पथकं होती, आणि १४ एप्रिल १९४४ ला गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कितीतरी जवान मेले. नागरी टोपाला इतिहास आहेच. फक्त त्याची किंमत लढाऊ टोपाच्या भावाने देऊ नका. भोकांच्या बाबतीत एक अपवाद लक्षात ठेवा: कडेला मागच्या बाजूस तीन भोकं असलेला मार्क दोन दक्षिण आफ्रिकेत बनलेला असतो, आणि तो लष्करीच.

मग ठसे. टोप उलटा धरून कडेच्या खालच्या बाजूने, हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्यांजवळ भिंग फिरवा. मार्क दोनवर कारखान्याची आद्याक्षरं आणि वर्ष ठोकलेलं असतं. बीएमबी म्हणजे ब्रिग्ज मोटर बॉडीज, जेएसएस म्हणजे जोसेफ सँकी अँड सन्स, एचबीएच म्हणजे हॅरिसन ब्रदर्स अँड हाउसन. मार्क एकवर वर्ष नसतं, पोलाद पुरवणाऱ्याची अक्षरं आणि ओतकामाचा आकडा असतो: एचएस म्हणजे हॅडफील्ड, एफएस म्हणजे फर्थ. भारतीय फौजेच्या सामानावर बाणाच्या खुणेखाली (ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण) रोमन आय अक्षर दिसतं. अक्षरं जुन्या रंगाखाली बुजलेली असतात. ती वाचायला रंग खरवडू नका, टॉर्च अगदी आडवी धरा. सावलीत अक्षर उठून दिसतं. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तर आणखी बरं.

अस्तराकडे सर्वांत जास्त वेळ द्या. मार्क एकच्या आत मेणकापडाचं अस्तर, दोऱ्याची जाळी आणि मध्ये रबराच्या नळकांड्या असतात. हनुवटीचा पट्टा चामड्याचा, आणि त्याची कडी दोन पायांच्या फाकवलेल्या खिळ्याने बसवलेली. हुबेहूब तसाच दिसणारा अमेरिकन १९१७ चा टोप असतो, त्याच्यात तिथे रिव्हेट मारलेला असतो. हा बारीक फरक माहीत असला की अर्धे वाद तिथेच मिटतात. मार्क दोनचं अस्तर माथ्यातल्या एकाच स्क्रूने बसतं, मध्ये फुलीसारखी रबरी गादी असते, आणि पट्टा कापडी असून त्याच्या आत स्प्रिंग असते. मार्क एकच्या पत्र्यात मार्क दोनचं अस्तर दिसलं तरी दचकू नका. १९३० नंतरच्या दशकात जुने टोप फौजेनेच तसे नव्याने सजवले होते.

इथे स्क्रू नीट बघा. डोक्यावर आडवी खाच असायला हवी. अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू पहिल्या महायुद्धाच्या टोपात दिसला तर तो नंतर बसवलेला आहे, कारण तसा स्क्रू १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आला. मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात अतिनील टॉर्च लावा. आजकालच्या दोऱ्यात आणि कापडात पांढरेपणासाठी घातलेली रसायनं निळसर पांढरी चमकतात. जुना सुती दोरा मंद राहतो. शिवण चमकली तर अस्तर नवं किंवा दुरुस्त केलेलं. पण साबणाने धुतलेलं जुनं कापडही चमकू शकतं, म्हणून एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नका.

झिजेची संगती लावा. पट्टा घासून पातळ झालाय पण त्याची कडी नवी कोरी, असं होत नाही. डोक्याच्या घामाने अस्तराची पुढची पट्टी, म्हणजे कपाळाची बाजू, मागच्यापेक्षा जास्त काळवंडते. चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं कापड सगळीकडे सारखंच तपकिरी दिसतं. गंजाचंही तसंच. जुना गंज काळपट, थरांचा आणि खोलगट जागी जास्त. आम्लाने आणलेला गंज नारिंगी आणि सगळीकडे सारखा, बोटाला लगेच लागतो.

शेवटी चिन्हं. पलटणीचं चिन्ह रंगवलेलं असलं की भाव वाढतो, म्हणून खोटेपणा सर्वांत जास्त तिथेच होतो. भिंगातून चिन्हाची कड बघा. टोपावरचा जुना ओरखडा चिन्हाच्या खालून जात असेल आणि रंग त्या ओरखड्यात उतरलेला असेल, तर चिन्ह ओरखड्यानंतरचं. ओरखडा चिन्हालाही कापत गेला असेल तर ते निदान त्या ओरखड्याआधीचं. टोपाचा मूळ रंग बऱ्याचदा खरखरीत असतो, कारण ओल्या रंगावर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून चमक मारत. गुळगुळीत तकतकीत रंग हा नंतरचा हात.

सोला हॅट

ही हॅट बघताना पहिला प्रश्न: भेंडाची की बुचाची? सोला म्हणजे शोला, बंगाल-आसामच्या पाणथळीत वाढणारं झुडूप. त्याचा पांढरा भेंड इतका हलका की हॅट हातात घेतल्यावर वजन जाणवत नाही, आणि जाडी मात्र भरपूर असते. बंगालात याच भेंडाचे लग्नातले मुकुट अजून बनतात. बुचाची हॅट पातळ आणि कडक असते, बोटाने टिचकी मारली तर आवाज ठणकतो. लष्करी वुल्झली नमुना बुचाचा, खाकी कापडाचा, माथ्यावर हवेच्या झाकणासह आणि भोवती पगडीच्या घड्यांसह. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या सैनिकांनी भारतीय नमुन्याच्या भेंडाच्या हॅटला ‘बॉम्बे बोलर’ असं नाव पाडलं होतं. मुंबईकर संग्राहकाने निदान एक तरी ती ठेवावी असं मला वाटतं.

इथेही आतच बघायचं. चामड्याची घामपट्टी हळूच उलटवा, तिच्या मागे बहुधा लेबल, मापाचा आकडा किंवा मालकाचं नाव असतं. कडेच्या खालचं कापड पुष्कळदा हिरवं असतं, डोळ्यांना उन्हाची झळ कमी लागावी म्हणून. पण लक्षात घ्या, सोला हॅट कलेक्टर, इंजिनियर, चहामळेवाले, रेल्वेचे साहेब असे सगळेच घालत. बाणाची खूण, लष्करी ठसा किंवा बिल्ल्याची खरी जागा दिसल्याशिवाय तिला सैनिकी म्हणू नका. बिल्ला नंतर टोचला असेल तर भोकं ताजी दिसतात आणि कापडाचा खालचा रंग आजूबाजूपेक्षा गडद नसतो. वर्षानुवर्षं बिल्ला होता तिथे कापड गडद राहतं.

धातूचं शिरस्त्राण

वाटीसारखा पोलादी टोप, माथ्यावर टोक, वरखाली सरकणारी नाकपट्टी, तुऱ्यासाठी दोन नळ्या आणि मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी, हा मोगल-दख्खनी घडणीचा नमुना उत्तर भारतापासून दक्षिणेपर्यंत चालला. बाजारात तो ‘शिवकालीन’ म्हणून विकला जातो. त्या एका शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. जे खरं जुनं निघतं त्यातलं बरंचसं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं असतं, आणि उरलेलं नवं. डेहराडून भागात परदेशी हौशी लोकांसाठी टोप आणि चिलखतं बनवण्याचा मोठा व्यवसाय आहे. ते लोक प्रतिकृती म्हणूनच विकतात. लबाडी पुढच्या हातात होते.

पुन्हा उलटा करा. हाताने घडवलेल्या टोपाच्या आत हातोडीचे वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले घाव दिसतात. यंत्रावर फिरवून बनवलेल्या पत्र्यात गोल गोल समांतर रेषा दिसतात. सोन्याचं काम असेल तर ते झिजलेल्या जागी भिंगाखाली बघा. खऱ्या कोफ्तगरीत पोलादावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरतात आणि त्या खरखरीत जागेवर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोनं उडालं तरी रेघांची जाळी उरते. नुसता मुलामा असेल तर खाली गुळगुळीत धातू दिसतो. जाळीच्या कड्या रिव्हेट मारलेल्या असल्या तर उत्तम, पण नुसत्या तोंडाला तोंड भिडवलेल्या कड्या उशिराच्या देशी कामातही सर्रास आढळतात. तेवढ्यावरून टोप बाद करू नका. जाळी एका टोपाची, वाटी दुसऱ्याची आणि टोक तिसऱ्याचं असं जोडकामही खूप बघायला मिळतं.

कायदा, खरेदीच्या आधी

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या नातलगाला भेट म्हणून शिरस्त्राण पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तरी बाहेर नेताना ती पुरावस्तू नाही असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र आधी घ्या. पहिल्या महायुद्धातला टोप आता शंभरी ओलांडून गेलाय, हे विसरू नका.

गड फिरणाऱ्या मित्रांना कळकळीची विनंती. जमिनीत काही सापडलं तर ते घरी आणू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि संरक्षित स्मारकावर खणणं हा वेगळा गुन्हा. शिवाय मातीतून उपटलेल्या वस्तूचा निम्मा इतिहास त्या मातीत असतो. वाघ-बिबट्याचं कातडं किंवा जंगली पक्ष्यांची पिसं लावलेली टोपी असेल तर वन्यजीव कायदा लागू होतो. कागद नसतील तर हात लावू नका.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडून साधी पावती घ्या: तारीख, वर्णन, किंमत, आणि वस्तू त्याच्याकडे कुठून आली याची एक ओळ. आधी आतून बघा, मग मनात आकडा ठरवा, मगच तोंड उघडा. अस्तर नसलेल्या टोपाची किंमत अस्तर असलेल्याच्या बरोबरीने कधीच करू नका. अस्तर नंतर मिळवू असं वाटतं, पण मूळचं ते मूळचंच.

घरी आणल्यावर

सुरुवातीच्या काळात माझ्या हातून एक चूक झाली. ओळखीच्या एका घरातून मार्क दोनचा टोप मिळाला. मेणकापडावर धूळ आणि मळ होता, आणि मी ओलं फडकं फिरवलं. काळ्या मळाबरोबर जांभळ्या शाईतलं नावही फडक्यावर आलं. शेवटची दोन अक्षरं आणि एक आकडा तेवढा उरला. ज्या घरातून टोप आला तिथल्या आजींना ते नाव कुणाचं ते ठाऊक होतं म्हणून ते निदान वहीत तरी आहे. तेव्हापासून माझा नियम ठरलाय: टोप आणल्या दिवशी फक्त फोटो. साफसफाई एक महिन्यानंतर, आणि पाणी कधीच नाही.

फोटो वरून, चारी बाजूंनी, आतून, प्रत्येक ठशाचा आणि प्रत्येक डागाचा, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. वजन लिहा. मग मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ बाहेरच्या बाजूला ढकला. सुटा गंज बांबूच्या काडीने हलकेच काढा. सँडपेपर आणि तारेचा ब्रश वापरू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती पूड श्वासातून जाऊ देऊ नका. एकोणिसाव्या शतकातल्या फेल्टच्या टोप्यांत पारा असण्याची शक्यता असते, त्या हातमोजे घालूनच हाताळा.

आपल्याकडे पितळ दिसलं की चिंच, लिंबू नाहीतर पितांबरी घेऊन बसायची सवय आहे. देवाच्या भांड्यांना ते ठीक. बिल्ल्याला नको. दरवेळी धातूचा एक थर जातो, अक्षरांच्या धारा बोथट होतात आणि पांढरी पूड कोपऱ्यांत अडकून कापडात उतरते. चामड्याला खोबरेल तेल हाही तसाच घरगुती उपाय. तेलाने चामडं काही दिवस मऊ दिसतं, मग चिकट होतं, बुरशी धरतं आणि शिवणीचे दोरे कुजतात. चामड्यातून लाल भुकटी झडत असेल तर त्याला वाकवू नका, नुसता आधार द्या. उघड्या पोलादावर संवर्धनासाठी मिळणारं सूक्ष्मस्फटिकी मेण (मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स) सुती कापडाने अगदी पातळ लावलं तर पुरे.

ठेवताना टोप हनुवटीच्या पट्ट्यावर टांगू नका. दोन-तीनदा धुऊन खळ काढलेल्या कोऱ्या मांजरपाटाची गोल, भरलेली उशी करा आणि टोप तिच्यावर टेकवा, म्हणजे वजन कडेवर येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल आतच कोंडते. नव्या प्लायवुडच्या कपाटातून येणारी वाफ धातूला बाधते, लोखंडी कपाट बरं. डांबराच्या गोळ्या रबराला आणि रंगाला लागू देऊ नका.

सोला हॅटमध्ये बारीक भोकं आणि खाली भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. हॅट प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर दव कापडावर धरतं. लाखेचा किंवा जाड रंगाचा थर असलेल्या वस्तूला हा उपाय करू नका.

पावसाळा ही कोकणात आणि मुंबईत खरी परीक्षा. कपाटात छोटं आर्द्रतामापक ठेवा. नुसत्या लोखंडाला ४५ टक्क्यांच्या खाली मानवतं, चामड्याला त्याहून थोडं जास्त लागतं, म्हणून दोन्ही असलेल्या टोपासाठी ४५ ते ५० च्या आसपास स्थिर ठेवा. सिलिका जेलचे खडे रंग बदलले की तापवून पुन्हा वापरता येतात. जून ते सप्टेंबर दर रविवारी कपाट उघडून नाकाने बघा. बुरशी दिसण्याआधी वास येतो.

एक वही करा आणि प्रत्येक टोपाला क्रमांक द्या. क्रमांक टोपावर नाही, सुती दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलने. कुणी दिला, कोणत्या गावात, त्या घरातलं कोण फौजेत होतं, पलटण कोणती, घरच्यांना काय आठवतं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. नाव आणि नंबर मिळाला तर कुटुंबाकडे सेवामुक्तीचा कागद आहे का विचारा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे, तिथे कुटुंबातल्या माणसाने पत्र लिहिणं जास्त योग्य. युद्धात गेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत इंटरनेटवर शोधता येतात. इंग्रजांनी नावं ऐकू आली तशी लिहिली आहेत, त्यामुळे जाधवचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाकून बघा, आणि गावाच्या नावाचंही.